गोड्या पाण्याचं कासव

माझ्या भावाला कोणाचं भलं करायची हुक्की आली की मी सावध होते. तो मुंबईला असतो. गणपतीला गावी येतो आणि तेवढ्या दिवसांत अख्ख्या घराचं भलं करून जातो. एका वर्षी त्याने बाबांची जुनी आरामखुर्ची मोडीत दिली आणि पाठीला चांगली म्हणून चाकांची खुर्ची आणली. बाबा तिच्यावरून घसरून पडले. खुर्ची आता माळ्यावर आहे. कासवाच्या बाबतीत तसं काही करता आलं नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. देवरूख म्हणू नका, राजापूर म्हणू नका, जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांशी त्यांच्या गप्पा झालेल्या. अशा माणसाची लकव्याने उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता मात्र येत नाही. मी शाळेत शिकवते. मी घरी नसताना शेजारच्या काकू अधूनमधून डोकावून जातात. बाकी दिवसभर बाबा पडवीत बसून समोरच्या कुंपणाच्या गडग्याकडे बघत असायचे. डॉक्टर म्हणायचे, मन रमवा. मी टीव्ही लावला, पत्ते आणले, रेडिओ आणला. त्यांनी सगळ्याकडे पाठ फिरवली.

मग एकदा लाकडांच्या ढिगात धामण निघाली. ती पकडायला एक बाई आल्या. जवळच्या शहराबाहेर जांभ्या चिऱ्याच्या एका जुन्या घरात त्या लोकांनी टाकलेले सरपटणारे प्राणी सांभाळतात. त्या धामण उचलत असताना बाबा खुर्चीत पुढे सरकून बघत होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं बघताना पाहिलं. बाईंच्याही ते लक्षात आलं. म्हणाल्या, "आजोबांना घेऊन या एकदा आमच्याकडे."

मी रिक्षा करून नेलं. तिथे काय नव्हतं! परदेशी सरडे, परदेशी अजगर, आणि टबामागून टब भरून कासवं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली. आम्ही बसलो असतानाच एक कुटुंब बादलीत तसलंच एक कासव घेऊन आलं. आई म्हणाली, वास येतो. वडील म्हणाले, दुकानदाराने एवढंच राहील म्हणून सांगितलेलं, आता ताटाएवढं झालं. मुलगी मोबाइलवर होती. हौस फिटली की जनावराला वास यायला लागतो, हे मला तिथे बसून कळलं. कासव ठेवून ती माणसं निघाली तेव्हा एकानेही मागे वळून बघितलं नाही. बादली तेवढी आठवणीने परत मागून नेली.

बाबांनी मात्र कासवावरची नजर काढली नाही. त्याने कवचातून मान बाहेर काढली, तसा बाबांनी डावा हात उचलला, पालथा धरला आणि अंगठा बाहेर काढून हलवला. पालथा पंजा म्हणजे कवच, अंगठा म्हणजे मान. मला हसूही आलं आणि रडूही. लकव्यानंतर ते पहिल्यांदा काहीतरी बोलले होते.

मी ते कासव बाबांसाठी मागितलं, पण बाईंनी लगेच दिलं नाही. आधी घरी येऊन पडवी बघून गेल्या. ऊन कुठे येतं, टब कुठे ठेवणार, पाणी कोण बदलणार, सगळं विचारलं. टबात चढून बसायला चिरा ठेवायला सांगितला. मग बजावलं, "नाही जमलं तर माझ्याकडे परत आणा. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही आणि सोडायचं तर मुळीच नाही. विहिरीत, नदीत सोडलंत तर आपल्या कासवांच्या तोंडचं खाईल. समुद्रात सोडलंत तर स्वतः मरेल, हे गोड्या पाण्याचं आहे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा."

मी सांगितलं. भावाला फोनवर सांगितलं, पुन्हा सांगितलं, गणपतीला तो आला तेव्हा टबापाशी उभं करून सांगितलं. तो म्हणाला, "हो गं ताई, कळलं."

तोवर कासव आमच्या घरातलं झालं होतं. सकाळी चहाच्या आधी बाबा पालथा पंजा दाखवायचे, म्हणजे आधी त्याचं पाणी बदल. डाव्या हाताने ते त्याला पाल्याचे तुकडे टाकायचे आणि पडला एखादा तुकडा बाहेर तर वाकून उचलायचे. ज्या वाकण्यासाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाई थकल्या होत्या ते त्या कासवाने करून घेतलं. काकू म्हणायच्या, "काय गो, मी बापसावर तुझ्या ठेवते त्यापेक्षा जास्त लक्ष तो कासवावर ठेवतो बघ."

आमच्याकडे गौरीबरोबर गणपती जातात. निघण्याआधी घरातल्या मोठ्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे घराच्या वतीने देवाला मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. ते बाबांचं काम होतं. आता भाऊ घालतो. त्या वर्षी तो म्हणाला, गाऱ्हाणं किनाऱ्यावर घालू. विसर्जनाला निघताना त्याने टबातलं कासव बादलीत घेतलं. मी आत शिदोरीचे दहीपोहे कालवत होते. त्याच्या मुलीने मला नंतर सांगितलं, तो बाबांना म्हणाला, "याला समुद्र दाखवून आणतो हं." बाबा हसले. दाखवून आणतो म्हणजे परत आणतो, असंच कोणीही समजेल. बाबांना सोडून मला जाता येत नव्हतं, मी घरीच राहिले.

पुढचं मी भाचीच्या मोबाइलवर पाहिलं. पाण्यात गणपती गेला. मग भावाने बादली वर धरली आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, या मुक्या जीवाला आज मोकळं करतोय. त्याचं पुण्य माझ्या बापाला लागू दे. त्याची वाचा परत येऊ दे, त्याला हिंडता-फिरता कर रे महाराजा!" सगळे ओरडले, "व्हय महाराजा!" आणि त्याने बादली लाटेत उलटी केली. कासव वाळूवर पडलं. ते पाण्याकडे पाठ करून वर यायला लागलं, तर भावाने त्याला उचललं आणि आणखी आत नेऊन सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रिकामी बादली घेऊन तो पडवीत आला तेव्हा माझ्या हातातलं भांडं मी खाली आपटलं. "तुला काय सांगितलं होतं मी?"

"अगं, मंडणगडकडे गेलो होतो ना आम्ही, तिकडे कासवाची पिल्लं समुद्रातच सोडतात. लोक लांबून बघायला येतात!"

"ती समुद्रातली असतात! हे मरेल रे!"

"तू फार विचार करतेस. बाबांसाठीच केलं ना मी?"

शेजारपाजारचे प्रसादाला आले होते, त्यांना त्याचंच पटलं. केवढं पुण्याचं काम, म्हणाले. घरच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. बाबा टबातल्या चिऱ्याकडे बघत होते. अशा वेळी मला त्या पुण्याची शिसारी येते. ते मिळवणाऱ्याचं कधी काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कासववाल्या बाईंना बोलावून घेतलं आणि दोघींनी किनारा पालथा घातला, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. निर्माल्य होतं, फुटके पाट होते, कासव नव्हतं. बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. परत येताना मीच विचारलं, तुमच्याकडे इतकी कासवं आहेत, बाबांसाठी दुसरं द्याल का?

त्यांनी विचारलं, "तुमचा भाऊ पुढच्या वर्षी येणार ना?"

येणार होता. घर त्याचंही आहे. त्याला येऊ नको म्हणायची माझी छाती नाही आणि बाबांनाही ते चाललं नसतं. बाई म्हणाल्या, "मग नाही देता येणार मला." त्यांचं बरोबर होतं. तरी मला त्यांचाही राग आला.

भाऊ त्याच दिवशी मुंबईला गेला. जाताना म्हणाला, एवढं काय, ऑनलाइन मिळतात, दुसरं मागवू. बाबांनी त्या दिवसापासून खाली वाकणं सोडलं. हातातला घास पडला तरी तसाच राहतो. मी टब उचलू लागले तर त्यांनी डाव्या हाताने त्याची कड घट्ट धरली. म्हणून मी अजून रोज सकाळी त्यात ताजं पाणी भरते.

रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल येतो. परवा मी फोन बाबांसमोर धरला. त्यांनी त्याच्याकडे निरखून बघितलं, हळूहळू डावा हात उचलला, पालथा धरला आणि अंगठा हलवला.

भाऊ गहिवरला. मागे वळून बायकोला म्हणाला, "अगं, लवकर ये, बाबा आशीर्वाद देतायत!"

मी म्हटलं, "आशीर्वाद नाही रे. ते कासव कुठे आहे म्हणून विचारतायत."

त्याने मागे बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "आवाज तुटतोय गं ताई, नंतर करतो," आणि त्याने फोन ठेवला. बाबांनी हात खाली घेतला नव्हता.