कडेची नजर

कारखान्यात त्यांना सगळे नकाशेवाले म्हणत. पंपांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्रेपन्नाव्या वर्षी एकाच महिन्यात त्यांनी गाडी दोनदा फाटकाच्या खांबाला घासली. बायकोला वाटलं, लक्ष नसेल. ते मात्र गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

"समोरचं दिसेल, पण कडेची नजर चालली आहे," डॉक्टर म्हणाले. "आणखी जाईल. आजपासून गाडीला हात लावायचा नाही."

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "पोट फार सुटलंय. उद्यापासून सायकल!"

"चार दिवसांचं खूळ," बायको म्हणाली.

खूळ टिकलं. सात किलोमीटर जायचे, सात यायचे. डोळ्यांबद्दल मात्र त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. कळलं तर कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावरून उठवतील, ही धास्ती. उलट वर्षभरात सगळीकडे वाहवा झाली. ती ऐकून स्टोअरकीपरनेही सायकल घेतली. वीस वर्षं दोघं एकत्र डबा खात होते.

"माझी साखर वाढलीय म्हणून बायको रोज तुमचं उदाहरण देत होती," स्टोअरकीपर हसत म्हणाला. "घेतली बाबा शेवटी!"

 नकाशेवाल्यांनी खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. तेही हसले.

दोन महिने दोघं बरोबर गेले. एका सकाळी स्टोअरकीपर शेजारून गप्पा मारत चालला होता. नकाशेवाल्यांना समोर खड्डा दिसला आणि त्यांनी हँडल झटकन वळवलं. सायकलला सायकल अडकली. स्टोअरकीपर रस्त्यावर आडवा झाला. मागून विटांचा ट्रक येत होता. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तरी चाक पायावरून गेलंच.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर येताच स्टोअरकीपरने पोलिसांना सांगितलं, "खड्डाच तसला होता. नकाशेवाल्यांचा काय दोष?"

ते ऐकल्यापासून नकाशेवाल्यांना अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी ते कॉटपाशी बसले.

"मला तुम्ही दिसलाच नाहीत," ते म्हणाले.

"अहो, मी बोलत होतो की तुमच्याशी!"

"आवाज येत होता. दिसत नव्हतात. कडेचं मला काहीच दिसत नाही."

"कधीपासून?"

"सायकल घेतली तेव्हापासून. त्यासाठीच तर घेतली."

स्टोअरकीपरने चादरीखालच्या सपाट जागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "हिला तुम्हीच सांगा. माझ्याच्याने होणार नाही."

स्टोअरकीपरची बायको औषधं घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला बाहेर बाकावर बसवून सगळं सांगितलं. तिने आरडाओरडा केला नाही. हातातली पिशवी घट्ट धरून म्हणाली, "उद्यापासून येऊ नका." आणि आत निघून गेली.

त्याच दुपारी त्यांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये डॉक्टरांचा कागद ठेवला. ड्रॉइंगचं टेबल गेलं, आवक-जावक टपाल आलं. घरी बायको एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत."

सात महिन्यांनी स्टोअरकीपर नकली पाय लावून कामावर परतला. कँटीनमध्ये तो आता खिडकीकडच्या टेबलावर बसतो. त्याचं हसणं ऐकू येतं. तो दिसायचा तर नकाशेवाल्यांना पूर्ण मान वळवावी लागेल. ते वळवत नाहीत, खाली बघून जेवतात.