गोदा सावकारणीचं सोनं

एकनाथरावांचं सगळं लहानपण गोदा सावकारणीच्या सोन्यानं भारलेलं होतं. उदगीरकडच्या त्यांच्या गावात सांगत, की रझाकारांच्या धामधुमीत या बाईनं परसात सोन्याचे हंडे पुरले नि ती कायमची नाहीशी झाली. एकनाथराव नि त्यांचे सवंगडी शाळा बुडवून तिथं खुरप्यानं उकरत बसत. पुढं रेल्वेच्या नोकरीनं ते सिकंदराबादला आले, निवृत्त होऊन इथलेच झाले. तरी डोळे मिटले, की ती भुसभुशीत माती बोटांना लागे.

गेल्या वर्षी नळाच्या पाइपलाइनसाठी खणताना हंडा खरंच सापडला. बालमित्र नामदेवरावांचा गावाहून फोन आला.

"सोनं नाही रे एकनाथ. नुसती पितळेची भांडी."

"नाव कोरलंय का त्यांच्यावर?"

कोरलेलं होतं. गोदाबाई केरबा शिंपी.

म्हणजे सावकारीण नव्हेच, शिंप्याची बायको. एकनाथराव गावी जाऊन एक पातेलं घेऊन आले. त्या काळी गाव सोडलेली कितीतरी माणसं हैदराबादेत येऊन राहिली होती. म्हणून ते सुलतान बाजारातल्या जुन्या कापडदुकानांतून विचारत हिंडले. एका म्हाताऱ्या दुकानदारानं लगेच ओळखलं.

"केरबा मास्टर? हमारे अब्बा की शेरवानी वोइच सीते थे. उनकी बेटी कुकटपल्ली में रहती."

मुलगी म्हणजे कुसुमअक्का, ऐंशी ओलांडलेल्या. नातवाच्या फ्लॅटमध्ये त्यांनी पातेलं मांडीवर घेतलं नि नावावरून बोट फिरवत राहिल्या.

"आमच्या गावात तुमच्या आईला सावकारीण म्हणतात," एकनाथराव म्हणाले.

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "मायकडं धड दोन लुगडी नव्हती, भाऊ. ही तिची आंदणाची भांडी. पळताना नेता येईनात, म्हणून पुरली. मी कंदील धरला होता."

"मग परत कधी आला नाहीत?"

"मायच्या भावाला वेशीतच मारलं होतं. दर दिवाळीला म्हणायची, पुढच्या साली भांडी आणू. पण त्या वेशीतून तिचं पाऊल पडलं नाही."

इतक्या वर्षांच्या गोष्टीत एकनाथरावांनी या भावाबद्दल अवाक्षर ऐकलं नव्हतं. त्यांनी हळूच नाव विचारलं.

"धोंडूमामा."

त्यांनी तिथूनच नामदेवरावांना फोन लावला. उरलेली भांडी पाठवायला सांगितली, नि पोरांना गोष्ट सांगशील तेव्हा गोदाबाई शिंपी नि तिचा भाऊ धोंडू, ही दोन्ही नावं सांग, असंही बजावलं.

या दिवाळीला अक्कांनी हंडा चिंचेनं घासून लख्ख केला. पातेल्याला कल्हई करून त्यात पुरण शिजवलं. एकनाथरावांना आग्रह करकरून वाढताना त्या धोंडूमामाबद्दल बोलत होत्या: तो विहिरीत सूर कसा मारायचा, भाचीला खांद्यावर घेऊन बाजाराला कसा न्यायचा, नि बत्तासे घेऊन दिल्याशिवाय कसा परतायचा नाही.