मुंगी घाटाची केराबाई

चैत्र उजाडला की केराबाईचा पाय घरात ठरत नसे. मेंढरं हाकता हाकता ती मान वर करून शिंगणापूरच्या डोंगराकडं बघत राही. माळशिरस तालुक्याच्या त्या कोरड्या टोकाला, कोथळ्याच्या माळावर तिचं सासर. वर शिखरावर शंभू महादेव, आणि त्याच्याकडं जाणारी जुनी पायवाट म्हणजे मुंगी घाट. वाट कसली, नुसता कडा! किती पिढ्यांच्या पायांनी घासून घासून दगड गुळगुळीत झालेले. यात्रेला पाण्यानं भरलेल्या जड कावडी खांद्यावर घेऊन माणसं एकमेकांचे हात धरून तो चढत, आणि "म्हाद्या, धाव!" अशी हाक सगळ्या दरीत घुमे.

धडधाकट माणसं घाटानं जात. म्हातारीकोतारी, लंगडी-पांगळी बैलगाडीनं लांबचा वळसा घालून जात. अशी रीतच पडून गेली होती. ती मोडली केराबाईनं. एकोणीसशे तीस सालाच्या आगंमागं.

तिची नणंद सोनाबाई लहानपणी देवी आल्या त्यात आंधळी झाली होती. नवऱ्यानं टाकली तेव्हापासून माहेरीच. केराबाईच्या हाताखाली लोकर कातायची, गाणी म्हणायची. त्या वर्षी यात्रेच्या दिवशी गाडी जुंपली आणि दीर धुळा म्हणाला, "सोना, बस वर."

सोनाबाई जागची हलली नाही. "मी न्हाय बसत. जल्मभर ह्यो घाट कानानं ऐकला. एकदा पायानं बघू द्या की!"

"याड लागलं का तुला? डोळसांचं पाय सटकत्यात तितं!"

सोनाबाईनं मान खाली घातली. केराबाई मात्र तरातरा आत गेली. तिनं खुंटीवरची लोकरीची जाड दोरी काढली, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं नणंदेच्या.

"चला वन्सं," ती म्हणाली. "भावजी, गाडी तुमी न्या. आमी वर भेटतो."

धुळा ओरडत राहिला. दोघी निघाल्यासुद्धा!

पायथ्याला एका धोंडीवर हरिबा लोहार बसला होता. वैरागचा माणूस, जन्मापासून एक पाय वाळलेला, पण घण मारून मारून दंड असे की मांडीसारखे. काखेत कुबडी. दोरीनं बांधलेल्या दोघी बघून त्यानं विचारलं, "बाई, कुटं निगाला?"

"वर."

"ह्या आंधळ्या हायत न्हवं?"

"व्हय. आन् तुमी लंगडं हायसा. येताय का?"

हरिबा आधी चपापला, मग खदखदून हसला आणि कुबडी टेकून उठला.

केराबाईला मेंढरांची सवय. लंगड्या मेंढीला मागं टाकून कळप पुढं जात नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. चार पावलं चढायचं, थांबायचं. "वन्सं, डावीकडं धोंड हाय, हात लावा. आता पाय उचला, गुडघ्याएवढा." सोनाबाई दगड चाचपायची आणि लहान पोरीसारखी किंचाळायची, "वैनी, ह्यो किती गार हाय! आन् हितं तर खळगाच पडलाय की पावलाचा!" शेकडो माणसं ज्या खळग्यात पाय ठेवून न बघता गेली होती, त्यात ती बोटं घालून बसली. मागून हरिबा घामानं निथळत ओरडायचा, "अवो, खळगं मोजाय आलाय का देवाला?" आणि तिघंही हसायची.

निम्म्यात आल्यावर खालून गलका उठला. कावड येत होती! झेंडे, हलग्या, दोरखंड ओढणारी माणसं. "सरका! सरका!" वाट अरुंद. तिघं कड्याला पाठ लावून उभी राहिली. कावड अगदी छातीजवळून वर गेली. तिच्यातलं पाणी हिंदकळून सोनाबाईच्या तोंडावर उडालं आणि तिच्या अंगावर शहारा आला. "म्हाद्या, धाव!" ती अशी ओरडली की पुढच्या गड्यांनी वळून बघितलं.

त्या आनंदात केराबाईचं लक्ष चुकलं. तिनं पाऊल टाकलं ते मुरमावर. पाय सरकला, घोटा मुरगळला आणि ती वाटेच्या कडेवरनं खाली घसरली.

दोरी ताणली. सोनाबाईला दिसलं काहीच नाही, पण कमरेला हिसका बसताच ती मटकन खाली बसली आणि दोन्ही टाचा दगडाला रोवल्या. "धरली! मी धरली हाय!" हरिबानं कुबडी बाजूला टाकली, पालथा पडून हात खाली घातला आणि एका दमात केराबाईला वर ओढलं.

ती धापा टाकत पडून राहिली. घोटा टम्म सुजला होता. "मला ठेवा हितंच," ती म्हणाली. "वरच्या गड्यांसंगं जावा तुमी."

"कळप सोडून मेंढका बसतो व्हय कधी?" सोनाबाई कडाडली. "उटा! तुमचं डोळं चांगलं हायती न्हवं? मागनं सांगा. म्होरं मी हुते."

आणि खरंच तसंच झालं! पुढं आंधळी सोनाबाई, हातांनी वाट शोधत. मागं एका पायावर केराबाई, हरिबाच्या खांद्याला लटकलेली. हरिबाची कुबडी एका बाजूला, केराबाई दुसऱ्या बाजूला. "वन्सं, उजवीकडं! आता सरळ!" शेवटच्या चढणीला वरच्या लोकांनी ही तिघं बघितली आणि एकच आरोळी उठली. कुणी हात दिले, कुणी पागोटं सोडून खाली टाकलं. सोनाबाईनं हात धरला नाही. शेवटचा दगड तिनं स्वतः चाचपला, स्वतः चढली, आणि वाऱ्यात ताठ उभी राहिली.

"वैनी," ती म्हणाली, "हितं वाराच येगळा हाय की वं!"

केराबाई दुखरा पाय धरून रडत होती, हसत होती. गाडी घेऊन धुळा दुपारनंतर पोचला. बहीण देवळाच्या पायरीवर बसली होती. त्यानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, म्हणाला, "सोने, तू लई खोडीची हायस."

पुढच्या वर्षी यात्रेआधीच माणसं विचारत आली. "घाटाची केराबाई कुटं ऱ्हाती?" कुणी म्हातारा, कुणी हात नसलेला, कुणी नुसता भित्रा. हरिबानं वैरागहून लोखंडी टोकाच्या काठ्या घडवून आणल्या. केराबाईचा घोटा कायमचा थोडा वाकडाच राहिला, त्यामुळं तिची चाल आपोआप हळू झाली, आणि मागच्यांना ती सोयीचीच पडली.

एका वर्षी दुधनीकडची चंद्रव्वा नावाची बाई आली. धाप लागायची तिला. मराठी येत नव्हती, केराबाईला कानडी येत नव्हती. निम्म्या चढावर छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "मेल्लगे, मेल्लगे."

"काय म्हंती?" सोनाबाईनं विचारलं.

"हळू म्हंत आसंल," हरिबा म्हणाला.

केराबाईला तो शब्द फार आवडला. तिनं वळून खाली बघितलं. तिची सगळी टोळी वाटेवर पसरली होती, काठ्या टेकत, एकमेकांचे पदर धरत. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि दरीत हाक घातली, "मेल्लगे!"

खालून सगळे एका सुरात ओरडले, "मेल्लगे!" आणि पुन्हा चढू लागले.