जिजाबाईचं पोट वर चढलं

नालवाडीत आमच्या आळीतली बहुतेक मुलं जिजाबाईच्या हातची. बाळंतपण तिनं करायचं, पुढे महिनाभर न्हाऊमाखूही तिनंच घालायचं. पाय लांब करून नडग्यांवर बाळ घेतलं की ती ओणवी होऊन चोळायची आणि त्याच्याशीच भांडायची, "काऊन रडून राह्यला रे? मी का तुही सासू हावो?"

सत्तावन्नच्या हिवाळ्यात माझ्या कुसुमला न्हाऊ घालताना ती एकदम थांबली. छातीवर मूठ दाबून म्हणाली, "घे वो सूनबाई पोरीले. माह्या हातून पडली त?"

छातीत आग, घशाशी आंबट पाणी. आळीनं ठरवलं, हृदयाचं दुखणं! जिजाबाईनं काम सोडायचं ठरवलं. "लेकरंच नाई त मी घरी बसून करू का?" एवढंच बोलली.

मी मात्र बघत होते. भरल्या घागरी घेऊन विहिरीचा चढ चढताना तिला काही होत नसे. वाकली की व्हायचं, आडवी झाली की व्हायचं. रात्री भिंतीला टेकून बसली की थांबायचं. आणि जेवण झाल्यावर जास्त. घरोघरी रीत तर अशी, की आधी जिजाबाईला पोटभर वाढायचं, मग तिच्या पायांवर बाळ द्यायचं.

वर्ध्याच्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. तरी त्यांनी आधी हृदयच तपासलं. "छातीचं दुखणं अंदाजावर सोडायचं नसतं," म्हणाले. हृदय ठणठणीत निघालं. मग नागपूरला पांढरं औषध पाजून फोटो काढला. पोटाचा वरचा भाग छातीखालच्या पडद्यातून वर सरकला होता.

"हाही एक अंतर्गळच, म्हणजे हर्निया, बाई," फोटो बघून वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले.

जिजाबाईनं कपाळाला हात लावला. "जनमभर दुसऱ्यायची पोटं खाली उतरवली, अन् माह्यं वर जाऊन बसलं!"

डॉक्टरांना हसू आवरेना. ऑपरेशनची गरज नव्हती. थोडं थोडं खायचं, लुगड्याची गाठ सैल ठेवायची, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावायच्या, जेवल्यावर लगेच वाकायचं नाही.

"अन् लेकरं?" तिनं भीतभीत विचारलं.

"उपाशीपोटी खुशाल न्हाऊ घाला."

माझ्या अडलेल्या बाळंतपणात रात्रभर माझा हात न सोडणारी ही बाई आम्हाला परत मिळाली. आता कुसुम आधी, ताट नंतर. पोरीला दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर देते आणि ओसरीवरून हाक मारते,

"आनजो सूनबाई आता ताट. पन अर्धंच!"