कॅनमधला समुद्र
झेंडूच्या टॉनिकचं झाकण उघडलं की खारट, ओलसर वास अंगणभर पसरतो आणि मला सासरचं पहिलं वर्ष आठवतं. चाकणजवळच्या आमच्या शेताला एका बाजूनं कंपनीची भिंत होती आणि त्या भिंतीकडेची झेंडूची रोपं खुरटून बसली होती. म्हणून सासऱ्यांनी समुद्री शेवाळाच्या अर्काचा कॅन आणला. शेवाळात वाढीची संप्रेरकं असतात, त्यानं फुटवा चांगला येतो, असं दुकानदारानं त्यांना पढवून पाठवलं होतं. झाकण उघडताच, नुकत्याच पहिल्या शिफ्टहून आलेल्या नवऱ्यानं नाकाला रुमाल लावला. मी मात्र कॅनवर वाकून पुन्हा पुन्हा वास घेत राहिले. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "व्हय गं, डोहाळं लागलं का काय?" मी लाजून चूर झाले. "नाही हो आई. आमच्याकडे ओहोटीला खडक उघडे पडले की अस्साच वास येतो." एवढं बोलेपर्यंत डोळे भरून आले. कोकणातून आल्यापासून माहेराविषयी मी पहिल्यांदाच बोलले होते. सासऱ्यांनी अर्क पाण्यात कालवला, फवारणीचा पंप भरला आणि माझ्या पाठीवर चढवला. "मग पयली सरी तूच मार." त्या दसऱ्याला भिंतीकडची रोपंसुद्धा फुलांनी वाकली होती. आता सासरे थकलेत, पण नवा कॅन आला की ओट्यावरूनच मला हाक मारतात, "ये गं, तुझ्या माहेरचं पाव्हणं आल्यात!"