पुन्हाबघू मिस्त्री

आमचे जावई गाड्यांचे मिस्त्री, आणि एक नंबरचे भित्रे. मी सासू आहे म्हणून म्हणत नाही, अख्खी गल्ली म्हणते. नट आवळला की "पुन्हा बघू." जॅक लावला की "पुन्हा बघू." लोकांनी नावच पाडलं, पुन्हाबघू मिस्त्री. गाडीखाली शिरायचं म्हणजे दोन-दोन जॅक, खाली लाकडी ठोकळे, वर चाकांना विटा. तेवढ्यात माझा स्वयंपाक होऊन भांडीही घासून व्हायची.

कारण होतं त्याला. त्यांच्या थोरल्या भावाच्या अंगावर गाडी उतरली होती, जॅक सरकून. भाऊ जागीच गेला, आणि हे शेजारी पाना धरून उभे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. तरी माझी जीभ काही गप्प बसायची नाही.

माझी लेक जुन्या पिकअपमधून पाण्याचे जार पोचवते. एकदा चढावर गाडीनं दगा दिला. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी पुढं सरकत नाही, वर जळका वास. कशीबशी घरी आली ती घामानं निथळत. जावयांनी वास घेतला आणि त्यांचं तोंडच उतरलं. "क्लच गेलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागणार."

म्हणजे गाडीखाली झोपणं आलं.

आधी त्यांनी खात्री करून घेतली. आमचं अंगण भिंतीकडे जरा उतरतं, आणि गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. लेकीला म्हणाले, "हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक आणि क्लच सोड. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडेल." स्वतः बॉनेट उघडून भिंत आणि गाडी यांच्या मध्ये उभे राहिले, कान लावून. लेकीनं पाय उचलला. इंजिन आपलं चालूच, गाडी तसूभरही हलली नाही. "पार घासलाय," ते म्हणाले.

ते खाली शिरले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. गिअरबॉक्स सुटून खाली आला तेव्हा ते असे कण्हले, की मी ओरडलेच, "अहो, आहात ना?" आतून आवाज आला, "आहे, आई." मग मी दर थोड्या वेळानं विचारत राहिले. लेक चिडली, "आई, त्यांना काम करू दे गं!" पण तिचाही हात माझ्या खांद्यावरून निघत नव्हता. क्लचची जुनी प्लेट बाहेर आली ती झिजून गुळगुळीत झालेली, आतले रिव्हेटचे खिळे उघडे पडलेले.

नवी प्लेट बसली, गिअरबॉक्स चढला, जावई बाहेर आले. माझा जीव भांड्यात पडला. त्यांचाही पडला असावा, कारण चक्क हसत होते! जॅक काढले, विटा काढल्या. "आता तेच पुन्हा बघू," म्हणाले, आणि बॉनेट उघडून त्याच जागी जाऊन उभे राहिले. लेकीनं पुन्हा हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला.

जन्मभर दोनदा बघणाऱ्या माणसानं एवढंच बघितलं नाही. मघाशी गाडी हलली नव्हती ती क्लच घसरत होता म्हणून, हँडब्रेकमुळे नव्हे. हँडब्रेकची तार सैल आहे, हे कुणाला कळलंच नव्हतं. आणि लेकीचा पाय जुन्याच सवयीचा, झटक्यात वर येणारा.

गाडीनं उडी मारली. धाड! इंजिन बंद. जावयांचे गुडघे बंपर आणि भिंतीच्या मध्ये.

उघड्या बॉनेटमुळे लेकीला ते दिसत नव्हते. मी बाजूला उभी, मला दोघं दिसत होती. तिचा डावा पाय क्लचकडे निघाला आणि जावई म्हणाले, "क्लचला हात... पाय लावू नकोस. गिअरनंच गाडी धरलीय. आधी ब्रेक दाब. पूर्ण."

तिनं दाबला. "लागलंय का हो तुम्हाला?"

"नाही. अडकलोय. आता क्लच दाब, रिव्हर्स टाक, चालू कर. ब्रेक सोडू नकोस."

इंजिन सुरू झालं. लेकीचे ओठ पांढरे पडले होते. "मला या क्लचचा अंदाज नाही हो! कुठं पकडतो तेच माहीत नाही!"

"मी सांगतो. हळू उचल. आणखी. गाडी थरथरली?"

"नाही."

"मग आणखी थोडा."

"थरथरली!"

"पाय तिथंच ठेव. थोडं ॲक्सिलरेटर द्यायचं आहे, त्यासाठी आता ब्रेक सोड."

देवा रे! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी हातभर मागं गेली होती. त्या सगळ्या वेळात त्या भित्र्या माणसाचा आवाज एकदाही कापला नव्हता.

मग मात्र ते भिंतीला टेकून खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडले. लेक धावत आली, आधी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, मग गळ्यात पडली. मी पाणी आणलं. गुडघे सोलवटले होते, बाकी काही नाही.

"पुन्हा बस गाडीत," ते तिला म्हणाले.

"मी आता मेले तरी बसणार नाही!"

"हँडब्रेक घट्ट करून देतो. पायाला सवय होईपर्यंत चालव. आज मी होतो, बोलता तरी आलं. उद्या रस्त्यात पुढं कुणाचं तरी पोर असेल."

ती बसली. पिकअप अंगणात मागं-पुढं होऊ लागली. आम्ही दोघं लांब, बाजूला उभे. गाडी हलली की ते माझा हात घट्ट धरायचे. सासूचा हात जावयानं असा कधी धरला नसेल. बोटं दुखायला लागली होती, पण मी हात सोडवून घेतला नाही.