केबलच्या सात पिशव्या

नोव्हेंबरचा दुसरा सोमवार, सकाळी नऊ. हजर: कमांडर, डॉक्टर, यांत्रिक हात चालवणारा ऑपरेटर आणि मी, सामानप्रमुख. सोडायला आलेले: माझा नवरा, ऑपरेटरची बायको आणि तान्हं बाळ, कमांडरचे वडील. डॉक्टरकडून कोणी नाही. गैरहजर: माझी मुलगी, कॉलेजात पेपर होता. नावं लिहायची नाहीत अशी सही करून दिली आहे, म्हणून हुद्द्यांवर भागवते.

आम्ही आकाशात कुठेही जाणार नव्हतो. पृथ्वीभोवती फिरणारं स्थानक एकदम वर जात नाही. त्याचे भाग एकेक करून जातात आणि माणसं मागून यानाने जाऊन ते जोडतात. अशा एका उड्डाणाची जमिनीवरची तालीम म्हणजे आमचे तीस दिवस. अल ऐनच्या रस्त्याला एका शेडमध्ये यान, अरुंद बोगदा आणि स्थानकाचा नवा भाग असं सगळं खऱ्या मापाने उभं केलं होतं. आत खिडकी नव्हती. एका स्क्रीनवर पृथ्वी फिरत असे आणि तिच्याकडे पाहून दिवस मोजायचे.

माझी निवड कशी झाली हे लोक विचारतात. वीस वर्षं गोदामं सांभाळली, कुठली वस्तू कुठे आहे ते मला माहीत असतं, आणि अशा तालमीत त्यांना पन्नाशीच्या जवळचं कोणीतरी हवं होतं. कोंडून घेण्याचं मला काही वाटलं नव्हतं. इथे आखातात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उन्हामुळे आपण तसेही बंदच असतो: घरातून लिफ्ट, लिफ्टमधून पार्किंग, पार्किंगमधून ऑफिस. नवरा म्हणाला, "आपल्या अल रीमच्या फ्लॅटमध्ये फुकट कोंडून घेता येतं, त्यासाठी अल ऐनला कशाला जायचं?" मी त्याला फ्रिजवर लावायला तीस दिवसांची यादी दिली. तो म्हणाला, "एकतिसाव्या दिवशी काय करू?" "मला न्यायला ये," मी म्हटलं.

दाराबद्दल आधी सांगायला हवं. त्याला कुलूप नव्हतं. हिरवा दांडा खाली ओढला की दार उघडून थेट शेडमध्ये, म्हणजे हवेत, उजेडात. कोणीही, केव्हाही, कारण न देता. मात्र एकाने उघडलं की तालीम चौघांचीही संपली, आणि तसंच नोंदलं जाणार.

हे सगळ्यात महाग पडणार होतं कमांडरला. ती इथलीच, अल ऐनची, तिशीच्या आतली इंजिनिअर. खऱ्या उड्डाणासाठी निवडायच्या माणसांत तिचं नाव होतं. तिच्या हाताखाली दिलेली ही पहिलीच तुकडी, आणि निवड समिती याच तालमीचा अहवाल बघणार होती. हे तिने पहिल्याच जेवणाला सांगून टाकलं. "मला इथून तीस दिवस पूर्ण करून बाहेर पडायचं आहे. तुम्हाला काही त्रास झाला तर मला सांगा. पण यल्ला, चला, होऊ देऊ नका."

ती मला खालती म्हणायची, म्हणजे मावशी. केरळचा ऑपरेटर चेची म्हणायचा आणि शारजात वाढलेला पाकिस्तानी डॉक्टर बाजी, दोन्हीचा अर्थ ताई. बोलणं हिंदीत. पहिला आठवडा मी या तिघांची वडीलधारी म्हणून मजेत काढला. चमचा जागेवर न ठेवल्याबद्दल ऑपरेटरला ओरडले. प्रत्येक वस्तूवर बारकोड होता. हलवली की यंत्रात नवी जागा टाकायची. "चेची, चमचाच आहे," तो म्हणाला. "आज चमचा, उद्या पाना," मी म्हटलं.

नवव्या दिवशी सकाळी झोपायच्या खणात जाग आली आणि मला उठता येईना. खण कपाटाएवढा, पुढे पडदा. पडदा मीच बाजूला करू शकत होते. हात हलेना. आठ-दहा मिनिटांनी उठले, दात घासले, कामाला लागले, पण तेव्हापासून छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखं झालं. जेवताना वाटायचं, एवढी हवा चौघांना पुरत नाही. पुरत होती, हवेचे आकडे मीच दर चार तासांनी लिहीत होते.

डॉक्टरला सांगणं सोपं होतं. पण त्याला ते वर कळवावंच लागलं असतं, आणि कळवलं की दार उघडणार. घरी लिहिता येत नव्हतं, कारण आठवड्यातून एकदा जाणारा निरोप नियंत्रण कक्षातले लोक वाचत, म्हणून तो इंग्रजीतच लिहायचा नियम होता. मी लिहिलं, ऑल वेल. मुलीचं उत्तर आलं, "मॉम, यू साउंड लाइक अ फॉर्म." नवऱ्याने मिक्सरचं छोटं भांडं कुठे आहे ते विचारलं. ते मात्र मी सविस्तर कळवलं.

दाराजवळ उभं राहिलं की बरं वाटायचं. पण विनाकारण तिथे कितीदा उभं राहणार? म्हणून दहाव्या दिवशी मी केबलच्या सात पिशव्या बोगद्यातल्या कपाटातून काढून दाराशेजारच्या फळीवर आणून ठेवल्या. त्या रोज तपासायच्या असत, म्हणजे मला रोज तिकडे जायचं कारण झालं. जागा बदलल्याचं यंत्रात टाकलं नाही. टाकलं असतं तर कक्षाने का म्हणून विचारलं असतं. बोगद्यातलं काम एकोणिसाव्या दिवशी होतं. त्याआधी परत ठेवीन, असं ठरवलं होतं. अठराव्या दिवशी ठेवणार होते. त्या दिवशी मी दाराजवळ जाऊन दांड्यावर हात ठेवला, काढला, आणि पिशव्या तशाच राहिल्या.

एकोणिसाव्या दिवशी अकरा वाजता कमांडर जाडजूड पोशाख घालून बोगद्यात गेली. दोन्हीकडची झाकणं बंद झाली. नव्या भागाच्या केबली तिने आतून जोडायच्या होत्या. खऱ्या स्थानकात झाकण उघडण्याआधी हवेचा दाब सारखा करावा लागतो, म्हणून इथेही झाकण उघडायचं ठरवलं की पुढे वीस मिनिटं थांबायचा नियम होता. पोशाखात थंड हवा देणारी पेटी होती, पण ती ठरलेल्या कामाच्या वेळेपुरतीच, आणि त्यातला बराच वेळ आत शिरण्यातच गेला होता.

ऑपरेटर यादी वाचत होता. "पिशवी एक. कपाट दोन, डावीकडे."

"कपाट रिकामं आहे," तिचा आवाज आला.

"चेची?" त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी फळीकडे बोट दाखवलं. त्याने माइकमध्ये सांगितलं, पिशव्या बाहेर आहेत. कक्षाने विचारलं, तालीम थांबवायची का? ती म्हणाली, "नाही. झाकण उघडायची वेळ लावा, मी थांबते."

वीस मिनिटं. बोगद्याच्या आत ती, तिच्याभोवती पोशाख, दोन्हीकडे झाकणं. बारा मिनिटांनी थंड हवा संपली. डॉक्टर तिच्या नाडीचे आकडे बघत होता आणि ते वाढत होते. ती म्हणाली, "कोणीतरी काहीतरी बोला." ऑपरेटरने बाळाबद्दल सांगायला सुरुवात केली: त्याला दात येतायत, ते टीव्हीचा रिमोट चावतं, आजीने सोन्याचं कडं दिलंय आणि ते कडंही चावतं. मी झाकणापाशी उभी होते. माझ्या हातात पिशवी होती.

झाकण उघडलं तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. आधी ती पाणी प्यायली. मग पोशाखाला नवी पेटी लावली, पिशव्या घेतल्या, परत आत गेली आणि सातही केबली जोडून आली.

दुपारी डॉक्टर कानात इयरफोन घालून व्यायामाच्या सायकलवर होता तेव्हा मी तिच्यासमोर बसले.

"पिशव्या मी हलवल्या."

"बाहेर आले तेव्हा दिसल्या. का?"

मी सांगितलं. खण, पाट, दांडा, सगळं. ती टेबलाकडे बघत ऐकत होती.

"डॉक्टरला माहीत आहे?"

"नाही. सांगू का?"

"सांगितलं तर उद्या आपण सगळे घरी." तिने बोटांवर दिवस मोजले. "खालती, अकरा दिवस काढाल?"

"काढेन."

"खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

"काढेन," मी परत म्हटलं.

"मग खलास, विषय संपला." तिने नोंदवहीत लिहिलं: साठ्याची आदल्या दिवशीची तपासणी कमांडरने केली नाही. अशी तपासणी तिचं काम नव्हतंच. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "आता आहे."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी माझ्याबरोबर पूर्ण साठा मोजायला लागली, मोठ्याने. डॉक्टर वैतागला. "बाजी, चमचे कालच मोजले ना?" "पळाले असतील," कमांडर म्हणाली, "दार उघडंच आहे." अकरा दिवस मी तिच्या आवाजाला धरून काढले. पिशव्या कपाटात परत गेल्या होत्या. दाराकडे जायला आता कारण नव्हतं. छातीवरचा पाट उतरला नाही.

एकतिसाव्या दिवशी सकाळी दांडा तिने ओढला. बाहेर छान थंडी होती. नवऱ्याने गाडीची काच वर केली तेव्हा मी ती खाली करायला लावली, घरापर्यंत.

आठवड्याने फॉर्म आला. तो भरून होईपर्यंत चौघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी अट होती. एक रकाना होता: नोंदीत दुरुस्ती हवी असल्यास लिहा. न लिहिलं तर हलगर्जीपणा तिच्या नावावर राहणार. लिहिलं तर तो माझ्या नावावर येणार, पण तिने माझी अवस्था लपवली हेही त्यात येणार, कारण अर्धं सांगून का हलवल्या याचं उत्तर देता येत नव्हतं. चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी सगळं लिहिलं आणि पाठवलं. चुकीची नोंद मला तशी ठेववत नाही. ते तिच्यासाठी लिहिलं की माझ्यासाठी, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे.

वसंतात निवडलेल्यांची यादी आली. तिचं नाव नव्हतं. कारण दिलेलं नव्हतं. तसं कोणालाच देत नाहीत. ऑपरेटर म्हणाला, "चेची, जागाच दोन होत्या." डॉक्टर म्हणाला, पुढच्या वेळी होईल, इन्शाल्ला. दोघांनाही मी फॉर्ममध्ये काय लिहिलं ते सांगितलं.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मॉम, जस्ट कॉल हर." बरोबर आहे. बोलायची बंदी कधीच उठली आहे आणि नंबर माझ्याकडे आहे. दर रविवारी मी आठवड्याची यादी करते. त्यात गेले काही महिने एक ओळ आहे: कमांडरला फोन, मी काय लिहिलं ते माझ्या तोंडून सांगणे. आठवडा संपला की ती पुढच्या पानावर उतरवते. आजही उतरवली आहे.